बिननंबरी इंजिन

१

जिथं नंबर असायला हवा होता तिथं नुसतीच चकचकीत जागा होती.

तपासणीच्या साहेबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. रुमालानं पुसून पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून, नाक इंजिनाला टेकेल इतकं वाकून पाहिलं आणि सरळ होत म्हणाले, "मिस्त्री, इंजिनाचा नंबर कुठं गेला?"

मिस्त्री म्हणजे आमचे हे. गॅरेजमध्ये सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात आणि आमचं घरही गॅरेजच्या वरच आहे, त्यामुळे घरातही तेच नाव चालतं. हे हात पुसत पुढं आले, वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले. चोवीस वर्षांच्या संसारात यांना उत्तर सुचत नाही असं मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

व्हॅन होती सिस्टरची. सिस्टर म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांवर फिरून बाळंतपणं करणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. तिच्या व्हॅनचं जुनं इंजिन ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या धडालाच, तडा जाऊन निकामी झालं. तिला नवं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून यांनी भंगारशेठकडून त्याच जातीचं एक वापरलेलं इंजिन आणलं, उघडून नीट केलं आणि बसवलं. इंजिन बदललं की कागदावर नवा नंबर चढवावा लागतो. तेवढ्यासाठी साहेब आले होते. पाच मिनिटांचं काम.

पण साहेब एकटे आले नव्हते. त्यांच्यामागं धाकटे रोपवाले होते. गावाबाहेर दोघा भावांची मोठी रोपवाटिका आहे, त्यातले हे धाकटे. मागच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या पिकअपचं अख्खं इंजिन गायब झालं होतं. तेव्हापासून साहेब जिथं जिथं बदललेलं इंजिन बघायला जात, तिथं तिथं हे पाठोपाठ.

"नंबर घासून काढलाय!" रोपवाले म्हणाले. "अहो, नंबर कोण घासतं? सांगा ना, कोण घासतं?"

कुणी काही बोलायच्या आत ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. टॉर्च इकडंतिकडं फिरली. आणि मग खड्ड्यातून त्यांचा आवाज आला, इतका मोठा की रस्त्यावरचे दोघंचौघं थबकले.

"हा बघा वेल्डिंगचा डाग! हा हिरवा रंग! हे माझंच इंजिन आहे. चोर सापडला!"

२

तो डाग मीही पाहिला. इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं, त्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. त्या चेंबरवर विळ्याच्या आकाराचा वेल्डिंगचा व्रण होता आणि वर हिरव्या रंगाचे पोपडे.

"तीन वर्षांपूर्वी दगडावर आपटून फुटला होता," रोपवाले सांगत होते. "मी स्वतः उभा राहून वेल्डिंग करून घेतलं. कुंड्यांना देतो तो हिरवा रंगही मीच फासला. आपला चेंबर माणूस विसरेल का?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला घट्ट. "मिस्त्री, मी तुम्हाला दहा वर्षं ओळखतो. पण नंबर नाही आणि वर हे ओळख पटवतायत. पाच वाजेपर्यंत हे इंजिन कुणाचं ते तुम्ही मला दाखवा. नाही तर व्हॅन पोलिसांच्या आवारात जाईल आणि गॅरेजला सील लागेल. माझा इलाज नाही."

"उद्या सकाळी मला वरच्या वस्तीवर जायचंय," सिस्टर म्हणाली. ती तोवर दाराशी स्टुलावर बसून होती. "एक पहिलटकरीण आहे. दिवस भरलेत."

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

हे माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "गॅरेज गेलं तरी चालेल गं. पण ते चोर म्हणाले, आणि रस्त्यावर ऐकू गेलं."

मी रोज सकाळी देवापुढं एक नेम घेते, आज दिवसभर कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्या घटकेला तो नेम मला जड गेला हे खोटं कशाला सांगू? मी रोपवाल्यांकडं न बघता जिना चढले आणि वरच्या खोलीत जाऊन वन्सांना म्हटलं, "खाली येता का? तुमच्या भावावर बालंट आलंय."

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. इंजिनाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं: भाग मोजायचे आणि मापात न बसणारे खोटे ठरवायचे. निवृत्त होऊन आता आमच्याकडं असतात, स्वेटर विणतात आणि प्रत्येक टाका मोजतात.

सगळं ऐकून त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, कपाटातली मापांची लाकडी पेटी काढली आणि एवढंच म्हणाल्या, "नंबर काय, इंजिनाच्या कपाळावरचं गोंदण. ते गेलं तर हाडं बघायची."

३

वन्सांनी आधी इंजिनाला हात लावलाच नाही. आधी माणसं.

पहिला आला मायक्रोन. मागच्या गल्लीत लेथवर काम करतो, आणि केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी त्याला जेवण जात नाही म्हणून हे नाव.

"नंबर मीच खाल्ला, ताई," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"खाल्ला म्हणजे?"

"ब्लॉकचा माथा वाकला होता. मिस्त्रींनी तो सपाट करायला पाठवला. या जातीच्या इंजिनात नंबर माथ्याच्याच कडेला ठोकलेला असतो. माथा तासला, नंबर गेला. आठ मायक्रोनच्या आत सपाट आहे बघा, दुसरीकडं कुठं मिळणार नाही! पण मशीन चालू करण्याआधी मी यांना विचारलं होतं, छाप घेतला का म्हणून."

नंबरवर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की नंबर कागदावर उतरतो, तो छाप. कुठल्याही गॅरेजमध्ये ते पहिलं काम.

वन्सांनी यांच्याकडं पाहिलं. "मग, बाळ? घेतलास छाप?"

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाळानं मान खाली घातली. "घेतला म्हणालो."

"आणि?"

"घेणार होतो. सिस्टर रोज विचारत होत्या, गाडी कधी, गाडी कधी. घाईत राहिलं."

"शाब्बास," वन्सं म्हणाल्या. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. रोपवाले हसले.

दुसरे आले भंगारशेठ, स्कूटरवरून, कागद फडकवतच. "हा बघा विक्रीचा कागद. इथं गाणं शिकवायच्या ना, त्या गाण्याच्या बाईंची गाडी. झाडावर आदळली, पुढचा भाग चेपला, बाई सुखरूप. इंजिन मी काढलं. सगळं कायदेशीर."

"कागदावर नंबर आहे," साहेब म्हणाले, "पण इंजिनावर नाही. कागद कुठल्याही इंजिनाला जोडता येतो, शेठ."

"शेठ," वन्सांनी विचारलं, "बाईंच्या गाडीतून जसं निघालं तसंच याला दिलंत?"

"जसंच्या तसं. अगदी जसंच्या तसं," शेठ म्हणाले आणि छताकडं बघत राहिले. आमच्या छतात बघण्यासारखं काही नाही.

तिसरे स्वतः रोपवाले. त्यांना प्रश्न विचारले जातायत याचाच त्यांना राग आला होता. "मी काय आरोपी आहे?"

"छे हो. तुम्ही मालक. मालकाला आपल्या वस्तूची माहिती जास्त असते. तुमच्या इंजिनाच्या आत काय आहे?"

"आत? आत कुणाचा हातच लागलेला नाही. पाच वर्षांपूर्वी कोरं घेतलं. एकदाही उघडलेलं नाही. सगळं कंपनीचं, जसं आलं तसं."

"लिहून द्याल?"

"हजारदा!" त्यांनी साहेबांच्या डायरीतलं पान फाडून घेतलं, लिहिलं, खाली सही ठोकली.

"आणि चोरी कशी झाली?"

"मी रोपांच्या प्रदर्शनाला गेलो होतो, दोन दिवस. परत येऊन बघतो तर बॉनेट उघडं आणि आत पोकळी. इतका सराईत चोर, की पाइपांच्या तोंडांत स्वच्छ चिंध्या कोंबलेल्या! निघालेले बोल्ट पुन्हा आपापल्या भोकांत लावून ठेवलेले! काय ते धाडस!"

"घरी कोण होतं?"

"आमचे दादा. शेजारच्याच घरात राहतात."

"त्यांनी काही पाहिलं?"

रोपवाले टॉर्चचं बटण खालीवर करू लागले. "त्यांना कसं विचारणार? तीन वर्षं आमचं बोलणं नाही."

"का बरं?" हे मी विचारलं. राहवलं नाही.

"सकाळी पाणी आधी गुलाबांना की आधी कलमांना यावरून," ते म्हणाले, आणि आम्ही हसू नये म्हणून पुढं म्हणाले, "ते चुकतात. कलमांनाच आधी."

४

गाण्याच्या बाई आता दुसऱ्या गावी लेकीकडं राहतात. भंगारशेठकडून त्यांचा फोन नंबर मिळाला. साहेबांनी फोन लावला तेव्हा वन्सांनी एक अट घातली.

"त्यांच्या इंजिनाच्या आत काय काम झालं होतं ते विचारा. पण ऐकायचं तुम्ही एकट्यानं. मला सांगू नका, याला नको, कुणालाच नको. लिहा आणि घडी घालून खिशात ठेवा. रोपवाल्यांचाही कागद ठेवा. मग इंजिन उघडू."

साहेबांना ते पटलं. ते बाहेर फुटपाथवर जाऊन बोलले. बराच वेळ. मधेच ते हसले, कारण बाईंनी म्हणे गाडीचा बिघाड आवाजात करून दाखवला. मग भिंतीला कागद टेकवून लिहिलं, घडी घातली आणि आत आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सुरुवात न उघडता करू," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी यांना एक स्पार्क प्लग काढायला लावला. त्या भोकातून पातळ सळई आत सोडली, ती पिस्टनवर टेकली. हे हातानं इंजिन फिरवायला लागले तशी सळई हळूहळू वर आली, थांबली, पुन्हा खाली गेली. वरची खूण आणि खालची खूण यांतलं अंतर वन्सांनी मोजलं.

"या घराण्यात दोन बहिणी आहेत," त्या साहेबांना म्हणाल्या. "बाहेरून जुळ्या. पण एकीत पिस्टन कमी अंतर धावतो, दुसरीत जास्त. ही जास्तवाली, मोठी. रोपवाले, तुमची पिकअप?"

"मोठंच इंजिन."

"आणि बाईंची गाडी?"

साहेबांनी कागद पाहिला. "मोठंच."

म्हणजे पहिल्या मापानं काहीच ठरलं नाही. दुपारचे दोन वाजले होते. सिस्टर फोनवर कुणाला तरी सांगत होती, "चालत निघू नका, मी येते. कशी येते ते बघते, पण येते."

"काढ हेड," वन्सं म्हणाल्या.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. ते काढायचं म्हणजे चार-पाच दिवसांची मेहनत उलटी करायची. यांनी पाणी सोडलं, नळ्या काढल्या, एकेक बोल्ट ठरलेल्या क्रमानं सैल केला. मायक्रोननं दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून हेड उचलून बाकावर ठेवलं. खाली चार गोल, चार पिस्टन, वर काजळी धरलेले.

मी रॉकेलचा ब्रश घेतला. भाग धुवायचं काम या घरात माझं. पहिला पिस्टन पुसला. दुसरा. तिसरा. चौथा.

वन्सं भिंग लावून वाकल्या. "बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात धावतो ते भोक, घासलं की मोठं होतं. मग मोठा पिस्टन घालतात, आणि त्याच्यावर तो वाढीव आकडा ठोकलेला असतो. कधीकाळी काम झालेलं इंजिन असेल तर इथं आकडा सापडेल."

आम्ही सगळे त्यांच्या भिंगाभोवती वाकलो.

"आकडा नाही," वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी पेटीतलं गेज काढून चारही भोकं मोजली, दोन-दोनदा. "चारही मूळ मापाचे. कारखान्यातून निघाले तसे."

रोपवाल्यांनी टाळी वाजवली. "मी काय लिहून दिलं होतं? कुणाचा हात लागलेला नाही! साहेब, बघा माझा कागद!"

साहेबांनी खिशातली बाईंच्या उत्तराची घडी काढली, स्वतःशीच वाचली आणि मान हलवली. ती मान मला अजिबात आवडली नाही.

हे बाकावर बसले. काळे हात मांडीवर पालथे ठेवून.

५

"भिंग दे," वन्सं म्हणाल्या.

"तुमच्याच हातात आहे," मी म्हटलं.

"हो का." त्या पुन्हा वाकल्या. या वेळी त्या आकडा शोधत नव्हत्या. एकेका पिस्टनच्या डोक्यावर इतका वेळ थांबल्या की रोपवाले कंटाळून दारापर्यंत जाऊन आले.

"रोपवाले," त्या मान वर न करता म्हणाल्या, "एका वाफ्यातली चार रोपं तुम्हाला ओळखता येतात?"

"म्हणजे काय! पान बघूनच."

"मग या इकडं. पिस्टनच्या डोक्यावर एक अक्षर असतं बारीक. कुठल्या खेपेत ओतला त्याचं. कारखान्यात चारही पिस्टन एकाच खेपेतले घालतात, वजन जुळावं म्हणून. वाचा."

रोपवाल्यांनी भिंग धरलं. "के. के. के." आणि थांबले. "हे 'एम' आहे."

"चौथा, अगदी मागचा. तिघं एका वाफ्यातले, चौथा बाहेरून आणून लावलेला."

"हा तुमच्या मिस्त्रीनं आता बदलला असेल!"

"मी फक्त पिस्टनवरच्या रिंगा बदलल्या," हे बाकावरून म्हणाले. "पिस्टन होते तेच."

"थांब, बाळ. तुझ्या शब्दावर आज कुणी विश्वास ठेवायचा नाही, माझ्याही नाही." वन्सं साहेबांकडं वळल्या. "आता विचार करा. एकच पिस्टन बदलावा लागला, म्हणजे तो एकटाच खराब झाला. पिस्टन अडकून खराब झाला, तर भोकालाही चरे पडतात. चरे पडलेलं भोक घासून मोठं करावं लागतं. मग पिस्टन मोठा हवा. पण हा तर मूळ मापाचा. मग भोक मोठं झालं नाही असं कसं?"

मायक्रोनचं तोंड उघडलं. वन्सांनी बोट दाखवून ते बंद केलं. "तुम्ही घरचे. गप्प."

"कसं?" साहेबांनी विचारलं.

"भोक बरंच मोठं करायचं आणि आत मूळ मापाची नवी नळी ठोकायची. स्लीव्ह म्हणतात तिला. मग आतून मोजलं तर सगळं कोरं वाटतं."

"पण दिसेल ना ती नळी!" रोपवाले म्हणाले. "मला तर काही दिसत नाही."

"लोखंडात लोखंड, आणि वरून या महाशयांनी आठ मायक्रोनमध्ये तासलेलं. डोळ्याला नाही दिसायचं." त्या माझ्याकडं वळल्या. "रॉकेल. आणि खडू आण, पाटीवरचा."

गॅरेजच्या दारात फळा आहे, त्याखालचा खडू मी दिला. वन्सांनी चारही भोकांभोवती माथ्यावर रॉकेल लावलं, पाच मिनिटं मुरू दिलं आणि मग कोरड्या फडक्यानं इतकं पुसलं की थेंब राहिला नाही. मग खडू आडवा धरून सगळ्या माथ्यावर घासला. ब्लॉक पांढराशुभ्र झाला.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"आता वाट बघायची. फट असेल तर तिच्यात रॉकेल उरलंय. ते वर येईल."

घड्याळात पावणेचार. साहेब, रोपवाले, भंगारशेठ, सिस्टर, आम्ही, सगळे एका पांढऱ्या लोखंडाभोवती डोकी घालून. मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते. पहिल्या भोकाभोवती काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, काही नाही.

चौथ्या भोकाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटरवर खडू ओलसर झाला. आधी ठिपका. मग ठिपक्याची रेघ. आणि मग ती रेघ दोन्ही बाजूंनी सरकत गेली आणि मागच्या बाजूला स्वतःलाच जाऊन मिळाली. कंपासनं काढल्यासारखं करड्या रंगाचं पूर्ण कडं.

"अरे बापरे," भंगारशेठ म्हणाले.

साहेबांनी खिशातली घडी उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "'सात वर्षांपूर्वी गाडी तापली, एक पिस्टन अडकला. तेव्हाच्या मेकॅनिकनं एकाच भोकात नवी नळी ठोकली. मी विचारलं बाकी तिघांना का नाही, तर म्हणाला, बाई, चौघांत एकाचाच गळा बसलाय. कुठला? माझ्या पायाशी येतो तो, सगळ्यात मागचा.'" त्यांनी कागद खाली केला. "मघाशी चारही मूळ मापाचे निघाले तेव्हा मला वाटलं, बाई काहीतरी भलतंच सांगतायत."

हे उठून उभे राहिले. मघापासून आखडलेले खांदे खाली आले.

६

"पण माझा चेंबर!" रोपवाले हटायला तयार नव्हते. "तो व्रण माझा आहे. शपथ घेतो."

"शपथ कशाला? तुमचाच असेल," वन्सं म्हणाल्या. "चेंबर म्हणजे इंजिनाची चप्पल. कुणाचीही कुणाच्याही पायात जाते. शेठ, आता छताकडं बघू नका."

भंगारशेठनी कान धरले. अगदी खरोखरचे, दोन्ही हातांनी. "बाईंच्या इंजिनाचा चेंबर आपटून फुटला होता, ताई. फुटका दिसला तर गिऱ्हाईक घेत नाही. ढिगातला एक बसवला. मिस्त्रींना जसंच्या तसं म्हणून दिलं होतं, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ढिगात कुठून आला?"

"यांच्याच रोपवाटिकेतून! यांच्या ड्रायव्हरनं दोन वर्षांपूर्वी नवा बसवला आणि गळका चेंबर मला दिला."

रोपवाल्यांनी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं असावं, कारण ते सिस्टरच्या शेजारच्या रिकाम्या डब्यावर बसले. सगळा जोर गेला होता. "मग माझं इंजिन कुठंय?"

खरं सांगायचं तर मला सकाळपासून एक गोष्ट टोचत होती. चोराबद्दलही वाईट बोलायचं नाही म्हटलं की माणूस त्याच्यात चांगलं शोधायला लागतो. मी म्हटलं, "वन्सं, चोर बोल्ट परत भोकांत का लावेल?"

वन्सं माझ्याकडं बघून हसल्या. "बोल बोल. पुढं बोल."

"हे गाडीतून इंजिन काढतात तेव्हा बोल्ट त्याच भोकांत चार आटे फिरवून ठेवतात. परत बसवताना सापडावेत म्हणून. आणि पाइपात चिंधी कोंबतात, धूळ जाऊ नये म्हणून. चोराला त्या पाइपात धूळ गेली काय, न गेली काय?"

"ज्याला ते इंजिन परत त्याच गाडीत बसवायचंय, तोच हे करतो," वन्सं म्हणाल्या. "रोपवाले, ते चोरीला गेलेलंच नाही. दुरुस्तीला गेलंय. तुमच्या अंगणातून, दिवसाढवळ्या, तुमच्या माघारी कोण पाठवू शकतं?"

रोपवाल्यांनी खिशातला फोन चाचपला.

"लावा फोन," साहेब म्हणाले. "मला तक्रार बंद करायची तर त्यांचा शब्द लागेल."

"मी नाही लावणार. तुम्ही लावा."

"तक्रार तुमची, भाऊ तुमचा."

त्यांनी फोन हातात घेतला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून एक जाड आवाज आला, सावध. "कोण?"

"मी." थांबले. "दादा, पिकअपचं इंजिन तू नेलंस का?"

"नेलं म्हणजे काय, दुरुस्तीला दिलंय कंपनीत. महिनाभर धूर ओकत होतं, तुला दिसत नव्हता? दोन हजार रोपं पोचवायची आहेत पुढच्या महिन्यात."

"सांगायचंस ना!"

"सांगायचं? तुला? बॉनेटवर चिठ्ठी चिकटवली होती. वाऱ्यानं उडाली असेल. तुझी तक्रार मला पेपरवाल्याकडून कळली. म्हटलं, येईल विचारायला. आठवडा झाला, वाट बघतोय."

रोपवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. पुढचं आम्ही ऐकलं नाही. ऐकायचंही नव्हतं.

७

साहेबांनी पावणेपाचला कागदावर सही केली. जुन्या नंबराच्या जागी कार्यालयाचा नवा नंबर ठोकून मिळेल, तोवर गाडी चालवायला परवानगी, असं लिहिलं. यांच्याकडं बघून म्हणाले, "छाप विसरलात त्याचा शेरा मात्र पडणार, मिस्त्री." हे म्हणाले, "पडू दे साहेब. तो माझाच आहे."

मग उघडलेलं सगळं पुन्हा बंद करायचं होतं. मी खडू धुतला, भोकं पुसली, तेल फिरवलं. यांनी सांध्यावर नवं गॅस्केट ठेवलं आणि मायक्रोनसोबत हेड खाली बसवलं. वन्सं स्टुलावर बसून बोल्टांचा क्रम सांगू लागल्या: मधला, त्याच्या समोरचा, मग डावीकडचा. संध्याकाळ झाली होती आणि बॉनेटखाली अंधार साचला होता.

"टॉर्च कोण धरतंय?" यांनी विचारलं.

धाकटे रोपवाले अजून गेले नव्हते. कोपऱ्यात उभे होते, फोन खिशात, हात कुठं ठेवावेत ते न कळणारे. त्यांनी फळीवरची टॉर्च घेतली आणि पुढं आले. उजेड बोल्टवर कमी आणि यांच्या मनगटावर जास्त पडत होता.

"जरा इकडं. हां. अजून खाली." हे पाना फिरवत होते. "आता बरोबर."

थोडा वेळ फक्त पान्याची कटकट आणि वन्सांचा आवाज. मग रोपवाले म्हणाले, "मिस्त्री, सकाळी मी जे ओरडलो ना…"

"टॉर्च हलतेय," हे म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. टॉर्च स्थिर झाली. "आमचं इंजिन कंपनीतून आलं की पिकअपमध्ये बसवायचंय. दादा म्हणतोय, कुणाला द्यायचं ते तू ठरव." आवाज खाली आला. "तुम्ही बसवाल?"

यांनी तो बोल्ट शेवटपर्यंत आवळला. पाना काढून हातात तोलला.

"बसवीन की," हे म्हणाले. "माझं कामच ते. या घेऊन."

रोपवाले तसेच उभे राहिले. मग वळून फुटपाथकडं तोंड करून, समोरच्या दुकानातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चोर नाही हो हे! माझीच चूक झाली! मिस्त्री सरळ माणूस आहे, सरळ!"

"कळलं त्यांना," हे गाडीत वाकलेलेच म्हणाले. पण कान लाल झाले होते.

साडेसातला सिस्टर किल्ली घेऊन आत बसली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. वन्सांनी डोळे मिटून ऐकलं, चौथ्यासाठी जरा जास्त वेळ ऐकलं आणि मान डोलावली. व्हॅन वळली, दिवे लागले आणि सिस्टर डोंगराच्या रस्त्याला लागली. सकाळ व्हायची वाट तिनं पाहिलीच नाही.